पाठमोरा बाक

दोन भाऊ, शेजारी शेजारी दोन घरं आणि मागे एकच अंगण. वडिलांनी घरं बांधली तेव्हा मधली भिंत स्वयंपाकघरापर्यंत आणून थांबवली. पुढे अंगणात ती न्यायची की नाही, ते पोरांनी आपापसात ठरवावं, असं म्हणाले आणि काही वर्षांनी गेले. पोरांनी काहीच ठरवलं नाही. त्यामुळे अंगण सामाईक राहिलं आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. कपड्यांच्या दोऱ्या, दोन्ही घरांतून बाद झालेल्या खुर्च्या, एक बंद पडलेलं वॉशिंग मशीन, धाकट्याच्या दुकानातून उरलेल्या फरशांची चळत, आणि एक लिंबाचं झाड. त्याला काटे भरपूर, लिंबं नावाला.

धाकटा फरशांच्या दुकानात होता. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, हे त्याचं काम. मोजायची टेप कायम खिशात. त्याची बायको घरीच पडदे शिवायची. त्यांना दोन मुलं. मुलगी सात वर्षांची. तिचा पाय एका जागी ठरेना म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मुलगा चार वर्षांचा, गोळू. नावाप्रमाणेच होता.

थोरला लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी तो बसे तिथे त्याच्याही पायाखाली एक जादा ब्रेक असे, आणि तो दाबून दाबून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली तरी त्याचा पाय जमिनीवर दाबला जायचा. त्यांना मूल नव्हतं. लग्नानंतरची काही वर्षं त्याची चर्चा झाली, मग डॉक्टर करून झाले, मग चर्चाही संपली.

त्याची बायको, थोरली, अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. मोठी, बिनखिडकीची खोली, जमिनीवर जाड गालिचा, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं: "काय झालंय आणि नेमकं कुठे?" पलीकडून कुणी किंचाळायचं, कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं. हिने आवाज चढवायचा नाही. पत्ता काढून घ्यायचा, गाडी सोडायची, आणि गाडी पोचेपर्यंत सांगत राहायचं: हलवू नका, पाणी पाजू नका, श्वास बघा. ओरडणारे लोक तिला त्यातल्या त्यात बरे वाटत. जिथे मागे काहीच ऐकू येत नसे, ते फोन तिला नको असत.

घरी आली की ती चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायची आणि समोरच्या कुंपणभिंतीकडे बघत राहायची. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. धाकटा गमतीने म्हणायचा, "वहिनींची मालिका लागली." तिला त्याचं काही वाटत नसे. त्या वेळात तिच्याशी कुणी बोलत नसे, तेवढं तिला पुरे होतं.

अंगणाचा विषय धाकट्यानेच काढला. एका रविवारी तो थोरल्याच्या जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा कागद पसरून बसला. चारही कोपऱ्यांवर कप ठेवले, नाहीतर कागद गुंडाळला जात होता. सगळं मापात काढलेलं. इकडे झोपाळा, त्याला लागून चढायची जाळी आणि घसरगुंडी. खाली रबराची जाड चटई. कोपऱ्यात वाळूचा हौद. इकडे फरशी घालून बसायची जागा, वर वेल चढवायला लोखंडी मांडव. वॉशिंग मशीन आणि खुर्च्या भंगारात.

"आणि हा बाक," त्याने पेन्सिल टेकवली. "हा खास वहिनींसाठी. पायरीवर बसून बसून कंबर धरत असेल. इथे बसलं की सावली, वारा आणि पोरं सगळी नजरेत. जाळीचं टोकसुद्धा दिसतं, मी बसून बघितलंय."

धाकटी म्हणाली, "मलाही जरा हातपाय मोकळे होतील. ताई बाहेर असल्या की मला घोर नाही."

थोरलीने कागद नीट बघितला. "छान आहे," म्हणाली.

दोन दिवस ते तिच्या डोक्यात राहिलं. पोरांवर तिचा जीव नव्हता असं नाही. भिंगरीच्या वेण्या कितीदा तिनेच घातल्या होत्या, गोळूला ताप आला की पहिली हाक तिलाच जायची. पण तो बाक आठवला की कंट्रोल रूममधली खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर यायची. इथेही बसायचं आणि काहीतरी होण्याची वाट बघायची. तिसऱ्या दिवशी धाकटा अंगणात खुंट्या ठोकून दोरी बांधत होता, तिथे ती गेली.

"भावजी, तो बाक उलटा करता येईल?"

"उलटा म्हणजे?"

"भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर वेल लावू एखादी."

धाकट्याला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं उन्हाचं काहीतरी आहे. "ऊन नाही येणार वहिनी, मांडव आहे ना वर."

"उन्हाचं नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या धाकटीला मात्र कळलं. "म्हणजे पोरांकडे पाठ करून बसणार तुम्ही?"

"हो."

"का?"

"दिवसभर मी तेच करते गं. कुठे कोण पडलं, कुणाला लागलं. घरी आल्यावर थोडा वेळ तरी मला कुणावर लक्ष ठेवायचं नाहीये. आणि बाक तिकडे तोंड करून असला की ते माझंच काम होणार. कुणी सांगणार नाही, पण होणार."

"आम्ही काय तुम्हाला कामाला लावतोय का?"

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हटलं नाहीत, पण अर्थ तोच झाला."

थोरलीला ठाऊक होतं की हे दोघं आता रात्री काय बोलतील. स्वतःचं मूल नाही, म्हणून बघवत नाही. तसं नव्हतं, पण तसं नाही हे सांगायला गेलं तर तो विषय उघडावा लागला असता, आणि तिला तो उघडायचा नव्हता. रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्यासाठी कसाही फिरवा. मी तर डोळे मिटून बसणार."

बाक उलटा बसला. गवंड्याने त्याचे पाय सिमेंटमध्ये पुरले आणि जाताना धाकट्याला विचारलं, "साहेब, नक्की ना? नंतर फोडावं लागेल." धाकटा तोंड वाकडं करून म्हणाला, "नक्की. बाईंना भिंत बघायचीय."

वेल्डरने झोपाळा, जाळी आणि मांडव उभा केला. वाळू आली. चटई अंथरली. चटईच्या कडेने धाकट्याने दुकानातल्या उरलेल्या फरशांची पट्टी घातली, निळी आणि पांढरी एकाआड एक. त्याला ती फार आवडली होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो आधी पट्टी दाखवायचा, मग झोपाळा.

अंगण सुरेख झालं होतं, यात वाद नव्हता. दोन्ही घरं संध्याकाळी बाहेर येऊ लागली. थोरला खरंच डोळे मिटून बसायचा. झोपाळा जोरात आला की बसल्या जागी ब्रेक दाबायचा. फक्त दोघी जावांमधलं बोलणं आटलं होतं. भांडण असं नव्हतं. पूर्वी धाकटी काही नवं शिवलं की कापड घेऊन थेट थोरलीच्या घरात शिरायची, ते बंद झालं. निरोप पोरांकडून येऊ लागले. "आई विचारतेय काकू, तुमच्याकडे कात्री आहे का?" कात्र्या धाकटीकडे चार होत्या.

थोरली बाकावर बसायची. भिंतीवर वेल धरू लागली होती. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती तिने कुणालाच सांगितली नाही. पाठ फिरवली म्हणून कान बंद होत नव्हते. उलट दिसत नसल्यामुळे ते जास्तच चालत होते. झोपाळ्याच्या साखळीची करकर, घसरगुंडीवर चपलांचा फरफराट, जाळी चढताना लोखंडावर पडणारी पावलं. कोण कुठे आहे हे ती न बघता सांगू शकली असती. एवढं भांडून मिळवलेला बाक, आणि त्याच्यावर बसून ती पुन्हा हेडफोन लावल्यासारखीच बसली होती. आता कुठल्या तोंडाने सांगणार? ती चहा प्यायची आणि वेलीकडे बघायची.

भिंगरी पडली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. दोघे भाऊ अजून कामावर होते. धाकटीला एका हॉटेलचे पडदे लवकर द्यायचे होते. वरच्या खोलीत मशीन चालू होतं. गोळू वाळूत काहीतरी पुरत होता. थोरली नुकतीच येऊन बसली होती.

तिने लोखंडावर पावलं ऐकली. जाळी संपते तिथे ती थांबायला हवी होती, ती थांबली नाहीत. जाळीच्याही वरच्या आडव्या दांडीवर हात सरकल्याचा आवाज आला. 'ही दांडीवर चढतेय,' असं तिला वाटलं, आणि आता वळावं की न वळावं, असाही एक विचार येऊन गेला. तेवढ्यात धप्प झालं. चटईवर पडल्यावर येतो तसा आवाज नव्हता. त्यात फरशीचा टणकपणा होता.

मग काहीच नाही. रडणं नाही, ओरडणं नाही. फक्त वर मशीन चाललेलं.

थोरली कशी उठली तिला आठवत नाही. भिंगरी निळ्या-पांढऱ्या पट्टीवर कुशीवर पडली होती, डोळे उघडे, तोंड उघडं आणि आवाज नाही. थोरलीने खाली बसून दोन्ही हातांनी तिला उचललं आणि छातीशी धरलं. मग भिंगरीचा अडकलेला श्वास सुटला आणि तिने अशी किंकाळी फोडली की वाळूतला गोळूही रडू लागला. तिचा डावा हात कोपराच्या खाली जिथे वाकायला नको तिथे वाकलेला होता.

"अगं ए! खाली ये! खाली ये आधी!" थोरली वरच्या खोलीकडे बघून जावेला ओरडली. मशीन चालूच राहिलं. तिने भिंगरीला तसंच मांडीवर घेऊन एका हाताने फोन लावला.

"काय झालंय आणि नेमकं कुठे?" पलीकडून आवाज आला. तिच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी होती. दुपारीच दोघी एकत्र जेवल्या होत्या.

"पडली. मुलगी पडली. हात मोडलाय. डोक्याचं माहीत नाही."

"पत्ता सांगा."

पत्ता तिला सुचेना. ज्या घरात ती इतकी वर्षं राहत होती, त्याचा नंबर काही केल्या तोंडात येईना. "लिंबाचं झाड आहे," ती म्हणाली. "मागे अंगण आहे."

पलीकडचा आवाज बदलला. "मॅडम? तुम्ही बोलताय का?"

"हो."

"बरं. मला पत्ता माहीत आहे, गाडी सोडतेय. तुम्ही फक्त ऐका. तिला हलवू नका."

"हलवलंय," थोरली म्हणाली. "मी उचललंय तिला."

"ठीक आहे. मग आता आहे तशीच धरा. श्वास घेतेय ना? बोलतेय का?"

"रडतेय."

"रडू द्या. रडतेय तर चांगलं आहे."

हे वाक्य थोरलीनेच तिला शिकवलं होतं, पण त्या क्षणी तिला ते नव्याने कुणीतरी सांगितल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं. तेवढ्यात वरचं मशीन थांबलं. बहुधा दोरा संपला असावा. मग जिन्यावरून धाकटीच्या धावण्याचा आवाज आला.

हॉस्पिटलात फोटो काढले. हाताची दोन्ही हाडं मोडली होती, डोक्याला फक्त टेंगूळ होतं. तरुण डॉक्टरीण होती. तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "पडल्यावर कुणी उचललं होतं का?"

"मी," थोरली म्हणाली. ती कुठे काम करते हे तिने सांगितलं नाही.

"यापुढे लक्षात ठेवा. मानेला लागलेलं असू शकतं. या वेळी काही बिघडलं नाही."

"बरं," थोरली म्हणाली.

धाकटा धावतपळत आला तेव्हा प्लॅस्टर घालून झालं होतं. पोरीला बघून आला, पाणी प्यायला, आणि बाहेरच्या खुर्चीवर बसून एकदम म्हणाला, "मी आधीच म्हणत होतो. तो बाक सरळ असता तर..."

पुढचं त्याने गिळलं. थोरला बायकोकडे बघू लागला. थोरली समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत होती. जोडे बाहेर काढा, असं त्यावर लिहिलं होतं.

"बाक सरळ असता तर काय?" धाकटी म्हणाली. तिच्या ब्लाउजला अजून टाचण्या टोचलेल्या होत्या. "तू दुकानात होतास, मी मशीनवर होते. आई मी आहे तिची. ताईंनी आधीच सांगितलं होतं मी बघणार नाही म्हणून. आपण ऐकलं, नाक मुरडलं, आणि बाहेर ताई बसल्यात म्हणून मी निवांत शिवत बसले. त्या बघत नाहीत हे माहीत असून."

"मी वहिनींना कुठे काय म्हणालो?"

"म्हणू नकोस, तेच चांगलं."

थोरल्याने सगळ्यांसाठी चहा आणला. चहा अगदीच पाणचट होता, पण सगळ्यांनी तो संपवला.

पुढच्या रविवारी धाकटा छिन्नी-हातोडा घेऊन बाकापाशी उकिडवा बसला. वाद नको म्हणून त्याने कुणाला विचारलं नव्हतं. पहिला घाव बसला तशा दोघीही आपापल्या दारातून बाहेर आल्या.

"फिरवा," थोरली म्हणाली. "माझी ना नाही."

"फिरवायचा नाही," धाकटी म्हणाली.

धाकट्याने हातोडा खाली ठेवला. "तुमचं काय ते एक ठरवा. मी आत आहे." आणि तो खरंच आत गेला.

दोघी बाकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत समोरासमोर अशा त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. थोरली म्हणाली, "मी आवाज ऐकला होता. वर चढतेय हे कळलं होतं मला. वळावं का, असा विचार करत बसले."

"कितीसा वेळ?"

"थोडाच. पण केला."

धाकटीने पायाने सिमेंटचे तुकडे बाजूला सारले. "ताई, हा बाक सरळ केला तर तुम्ही रोज बसाल. आणि मी रोज मशीन लावीन. मी मला ओळखते ना. मग एक दिवस तुम्ही कामावरून उशिरा याल, आणि मला वाटेल तुम्ही बसल्याच आहात. मला ते नकोय. मशीन मी खाली आणतेय, खिडकीशी. उजेड कमी आहे, पण दिवा लावीन. आणि त्या वेल्डरला बोलावलंय, ती वरची दांडी कापून टाकू दे."

"आणि ती फरशीची पट्टी?"

"ती उखडायचं तुम्ही सांगा त्याला. माझं ऐकणार नाही."

थोरलीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं. मग ती म्हणाली, "मी शनिवारी पोरांना बघीन. दुपारचं जेवण झालं की दिवे लागेपर्यंत. बाकावर नाही, खुर्ची घेऊन, त्यांच्यासमोर. त्या वेळात तू बाजारात जा, झोप, काही कर, पण अंगणात येऊन मला मदत करू नकोस. आणि बाकीच्या दिवशी मला धरायचं नाही."

"म्हणजे ड्युटी लावल्यासारखं?"

"ड्युटीच. तिला सुरुवात असते आणि शेवट असतो. मला तसंच जमतं."

धाकटीने जरा विचार केला. तिला हे थोडं विचित्र वाटलं असावं. घरात असं कुणी वाटून घेत नाही. पण ती म्हणाली, "चालेल."

दांडी कापली गेली. मशीन खाली आलं. धाकटी शिवता शिवता खिडकीतून ओरडायची आणि त्यामुळे दोन पडदे आखूड झाले. पट्टी उखडताना धाकट्याला फार वाईट वाटलं, तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. त्या जागी चटई पुढे वाढवली. भिंगरीचं प्लॅस्टर निघालं. हात बारीक आणि पांढुरका दिसत होता, तो ती सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरली आणि दुसऱ्याच दिवशी जाळीवर चढली. दोघी जावा पूर्वीसारख्या अगदी एकमेकींच्या घरात घुसत नव्हत्या. पण कात्री मागायला आता धाकटी स्वतः यायची.

बाकीच्या दिवशी थोरली पाठ करून बसायची. कान अजूनही चालायचे, ते काही तिच्या हातात नव्हतं. पण खिडकीतून मशीनचा आवाज मधे मधे थांबायचा आणि "खाली उतर!" अशी आरोळी यायची, तेव्हा ते काम दुसरं कुणीतरी करतंय हे तिला समजायचं. मग ती डोळे मिटायची. एकदा तर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि चहा सांडला.

शनिवारी मात्र ती खुर्ची घेऊन थेट जाळीच्या समोर बसायची, फोन आत ठेवून. पोरांना तो दिवस सगळ्यात कडक वाटायचा. काकूच्या नजरेतून काही सुटायचं नाही. भिंगरीने एकदा तक्रार केली, "आई बघते तेव्हा मधे मधे बघत नाही. काकू बघते तेव्हा बघतेच."

एका शनिवारी दिवे लागायची वेळ झाली, तशी धाकटी ओले हात पुसत बाहेर आली. थोरली खुर्चीवरून उठली, कमरेला हात लावून जरा ताठ झाली.

"भिंगरीचा गुडघा खरचटलाय, धुवून झालाय," ती म्हणाली. "गोळूने वाळू खाल्लेली नाही, पण खायचा विचार होता. त्याचा एक बूट सापडत नाहीये. पुरलाय त्यानेच, पण कुठे ते सांगायला तयार नाही."

"विचारते," धाकटी म्हणाली आणि हौदाकडे वळली. थोरलीने खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली आणि आत जाऊन पलंगावर आडवी झाली. बाहेर धाकटी गोळूला दरडावत होती आणि गोळू काही केल्या बोलत नव्हता.